हेस्कीला म्हणे गोलच करता येत नव्हता!

इंग्लंडकडून ६२ सामने, ७ गोल. फुटबॉलपटू एमिल हेस्कीचं नाव निघालं की सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये हे दोन आकडे आलेच. सोबत फोटो, त्यात तो बहुतेक वेळा गवतावर आडवा. आणि खाली ठरलेला मजकूर: इंग्लंडचा सगळ्यात वाईट स्ट्रायकर (गोल करण्यासाठी सगळ्यात पुढे खेळणारा), गोल करता येत नव्हता, प्रशिक्षकांच्या मेहेरबानीवर टिकला, संघातला जोडीदार मायकल ओवेनने गोल केले ते हा शेजारी असूनसुद्धा. आकडे खरे आहेत. त्यांच्या जिवावर जे बाकीचं खपवलं जातं, त्याचं काय ते बघू.

आधी ‘गोल करता येत नव्हता’. हे धडधडीत खोटं. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, हेस्कीचे ११० गोल आहेत. लेस्टर शहराचा पोरगा, तिथल्याच लेस्टर क्लबकडून वर आला. १९९७ च्या लीग कपचा अंतिम सामना, वेम्बलीचं मैदान, समोर मिडल्सब्रोचा संघ. जादा वेळ संपायला दोन मिनिटं उरली असताना बरोबरीचा गोल केला तो या १९ वर्षांच्या मुलाने. त्यामुळे सामना पुन्हा खेळवावा लागला आणि कप लेस्टरने नेला. मार्च २००० मध्ये लिव्हरपूलने त्याच्यासाठी १ कोटी १० लाख पौंड मोजले. क्लबने त्याआधी कोणत्याही खेळाडूसाठी इतके पैसे सोडले नव्हते. २०००-०१ च्या मोसमात त्याने २२ गोल केले, डर्बी क्लबच्या मैदानावर हॅटट्रिक मारली, आणि लिव्हरपूलने लीग कप, एफए कप आणि युएफा कप असे तीन कप घरी आणले.

पुढे मात्र गोल आटले, हेही सांगायला हवं. लिव्हरपूलकडून २२३ सामन्यांत ६० गोल, त्यातले २२ त्या एका मोसमातले. नंतरच्या तीन मोसमांत लीगमध्ये त्याला दहाचा आकडाही गाठता आला नाही. टीका करायची तर इथे करा, माझी ना नाही. पण ‘येत नव्हता’ आणि ‘कमी झाले’ यांत फरक आहे.

आता ओवेन. ‘हेस्की असूनही’ म्हणणाऱ्याने १ सप्टेंबर २००१ चा म्युनिकचा सामना पुन्हा लावावा. इंग्लंडने जर्मनीला त्यांच्या घरात ५-१ ने धुतलं तो. ओवेनची हॅटट्रिक सगळ्यांना पाठ असते. त्यातला दुसरा गोल सावकाश बघा. मध्यांतर होऊन जेमतेम तीन मिनिटं झालीत, गोलफलक २-१. उजवीकडून बेकहमचा क्रॉस येतो. हेस्की उसळतो, पण गोलकडे मारत नाही, डोक्याने चेंडू खाली ओवेनच्या पायाशी आणून ठेवतो. ओवेन जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानला चुकवून तो जाळ्यात घालतो. ३-१, आणि इथून पुढे जर्मनी संपली. गोलफलकावर नाव ओवेनचं. अलगद खाली ठेवलेल्या त्या चेंडूसाठी गोलफलकावर रकानाच नसतो. पाचवा गोल तर हेस्कीचा स्वतःचाच. त्याच वर्षी ओवेनला बॅलन डी’ऑर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला, आणि त्या वर्षी लिव्हरपूलमध्येही त्याचा जोडीदार हाच होता.

शिवाय त्या ६२ सामन्यांत तो कायम गोलसमोरच उभा होता असंही नाही. २००२ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध पुढे ओवेन आणि वासेल, आणि हेस्की डाव्या बगलेला, मधल्या फळीत! मग गोल किती केले म्हणून त्याच्याकडेच हिशोब मागायचा. त्याच स्पर्धेत डेन्मार्कला ३-० ने हरवलं, त्यातला तिसरा गोल कोणाचा होता हे मात्र पोस्टवाले लिहीत नाहीत.

मेहेरबानीचा मुद्दा फार वेळ खाणारा नाही. प्रशिक्षक कीगनने त्याला इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळवलं, एरिक्सनने ठेवलं, तीन वर्षं बाहेर असताना २००७ मध्ये मॅकलॅरनने परत बोलावलं, मग कपेलोनेही घेतलं. लेस्टरमध्ये ज्यांच्या हाताखाली तो खेळला, त्या मार्टिन ओनील यांनीच २००९ मध्ये त्याला अॅस्टन व्हिलासाठी विकत घेतलं. सलग चार राष्ट्रीय प्रशिक्षक एकाच माणसावर मेहेरबान होतात, हे पटवून घ्यायला बरीच श्रद्धा लागते. कपेलोला त्याच्याकडून गोल नकोच होते. सेंटर-बॅकना, म्हणजे समोरच्या संघाच्या मधल्या बचावपटूंना, अंगावर घेऊन रूनीसाठी जागा मोकळी करणारा कोणी हवा होता. २०१० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत रूनीने ९ गोल केले.

आणखी एक पराभव त्याच्या नावावर लावतात: लिस्बन, युरो २००४ ही युरोपातल्या देशांची स्पर्धा, समोर फ्रान्स. हेस्कीच्या फाउलवर फ्री किक मिळाली आणि झिदानने ती आत घातली. खरं आहे, फाउल बावळट होता. पण ती बरोबरी होती, पराभव नव्हे. त्याआधी बेकहमची पेनल्टी फ्रान्सचा गोलरक्षक बार्थेझने अडवली होती. त्यानंतर जेरार्डने मागे दिलेला पास थेट फ्रान्सच्या आँरीला मिळाला, इंग्लंडचा गोलरक्षक जेम्सने त्याला पाडलं आणि झिदानने पेनल्टीवर सामना नेला. इतक्या जणांचं पाप एकाच्या पदरात बांधायची हौस असेल तर बांधा.

राहिला २०१० च्या विश्वचषकातला अमेरिकेविरुद्धचा सामना. उत्तरार्धात हेस्की एकटा गोलरक्षक हॉवर्डसमोर पोचला आणि चेंडू सरळ त्याच्या अंगावर मारला. ती क्लिप आजही फिरते, आणि ती चूक माफ करण्यासारखी नाही. त्याच सामन्यात चौथ्या मिनिटाला जेरार्डने गोल केला होता, त्याला पास हेस्कीचा. ती क्लिप मला आजवर कोणी पाठवलेली नाही. विश्वचषक संपला आणि हेस्कीने इंग्लंडकडून खेळणं थांबवलं.