देशासाठी थोडी साखर वाढवा

तुम्हाला देशासाठी काहीतरी करायचं आहे, पण सैन्यात जायचं वय उलटलं, निवडणुकीला उभं राहायला पैसा नाही आणि झेंडावंदनाला सकाळी उठवत नाही. हरकत नाही. कोकणात, आपल्याच ओसरीवर बसून राष्ट्राच्या अर्थकारणात मोलाची भर घालता येते. एखादा टिकाऊ, जन्माला पुरणारा आजार धरा. मधुमेह उत्तम. रक्तदाबही चालेल. दोन्ही जमले तर सोन्याहून पिवळं, कारण त्यांचं एकमेकांशी फार पटतं.

तुम्ही म्हणाल, आजारानं देशाचं नुकसानच होतं की! होतं ना. जागतिक आर्थिक मंच आणि हार्वर्डच्या तज्ज्ञांनी २०१४ साली हिशेब मांडला होता: हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, मानसिक आजार असल्या न संसर्गणाऱ्या दुखण्यांपायी २०१२ ते २०३० या काळात भारताला ४.५८ लाख कोटी डॉलर्सचा फटका बसेल. आकडा एवढा मोठा की वाचून भीतीसुद्धा वाटत नाही. पण दुसरी बाजू बघा. सकाळी पेज पिऊन, कोयता घेऊन काजीत जाणारा धडधाकट माणूस डॉक्टरला काय देतो? लॅबवाल्याला काय देतो? मेडिकलवाल्याचा मुलगा काय त्याच्या जिवावर इंजिनियर होणार? उलट आजारी माणसाची प्रत्येक पावती राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते. रक्त तपासलं, उत्पन्न वाढलं. बोट कापलं, आणखी वाढलं.

आणि या कामात तुम्ही एकटे नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास आला, त्यात देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह निघाला आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. पहिला नंबर कुणाचा? आपल्या शेजारी गोव्याचा, २६.४ टक्के. म्हणजे बांदा ओलांडलं की चार मोठ्या माणसांत एक. आपला तोच भात, तेच मासे, तीच जेवणानंतरची झोप. आपणही गाठू, पण गाफील राहू नका. उत्तर प्रदेश ५ टक्क्यांच्याही आत अडकून पडला आहे. त्यांच्यासारखी आपली गत व्हायला नको.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिला धोका आशाताईचा. तिला तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम होतो का, आईवडिलांना साखर-प्रेशर होतं का, असं विचारत ती शेवटी टेप काढते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या पुढं गेली की गुण मिळू लागतात. शाळेत ज्यांना कधी मिळाले नाहीत त्यांनासुद्धा मिळतात. बेरीज चाराच्या वर गेली की तपासणीला तुमचा नंबर आधी. हे टाळायचं असेल तर टेप पाठीमागून पुढं येईपर्यंत श्वास आत ओढून धरा आणि आकडा लिहून झाला की सोडा. काकींनी तंबाखूच्या प्रश्नाला "छ्या गो बाये, माका आणि तंबाखू?" असं ठणकावून सांगावं, फक्त सांगताना तोंडातली मशेरी सांभाळावी. मशेरी तंबाखूत मोडत नाही, ती दात घासायला असते. हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. आशाताईलाही माहीत असतं. ती खाली मान घालून काहीतरी लिहिते. तिला अजून सात घरं करायची असतात.

समजा श्वास अवेळी सुटला आणि प्रेशर निघालंच. घाबरू नका, अजून डाव हातात आहे. गोळी देतील. दहा दिवस घ्या, बरं वाटेल. बरं वाटलं की बंद करा. कुणी विचारलं तर "माका काय दुखणा नाय, मगे गोळये कित्याक खाव?" असं विचारा. या प्रश्नाला उत्तर देताना भले भले डॉक्टर दमले आहेत, कारण प्रेशर दुखत नाही हे खरंच आहे. दुखायला लागतं ते थेट मेंदूत किंवा छातीत, आणि तेव्हा गोळीचा प्रश्न उरत नाही. "गोळी एकदा चालू केली काय मराशेर सुटना नाय" हे वाक्यही पाठ करून ठेवा. गोळी न घेता मरण लवकर आलं तर ती सुटतेच, हा त्यातला बारकावा सहसा कुणी काढत नाही.

इथं थोडं सावध राहा. रक्तदाब आटोक्यात आणायचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्याच्या सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत नेमका आपला सिंधुदुर्ग होता. साध्या दोन-तीन प्रकारच्या गोळ्या, ठरलेला क्रम, महिन्याचा साठा जवळच्या केंद्रात. याहून घातक काय असणार! जी गोष्ट स्वस्तात, गावात आणि गवगवा न होता होते, तिच्यात कुणाचंच भलं नसतं. उपकेंद्रात गोळ्या फुकट मिळतात ना, मग त्या वाईटच असणार असं धरून चाला. खात्री पटत नसेल तर देवळात गाऱ्हाणं घाला: बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची साखर गोळी न खाता, भात न सोडता, सुको बांगडो न सोडता उतरव रे म्हाराजा! मागचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यातल्या निम्म्यांना तेच हवं असतं.

सुक्या बांगड्यावरून आठवलं, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आपल्याकडं खारवलेली मासळी, लोणचं, पापड आणि सोलकढीतली चिमूट धरली तर ते न्याहारीच्या आसपासच संपतं. पुढचा सगळा दिवस देशाच्या खात्यावर.

सरकारचीही मदत होते, तसं नाही. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, फक्त त्यासाठी भरती व्हावं लागतं. रोजच्या गोळीची पट्टी त्यात बसत नाही, अँजिओप्लास्टी बसते. इशारा समजून घ्या. छोटं दुखणं परवडत नसेल तर मोठं होईपर्यंत थांबा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्येही आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. हा खिसा आपलाच. तो भरलेला नसला तरी फाटलेला पुरतो.

मोठं करण्यासाठी पाय उत्तम. साखर पुष्कळ वर्षं मुरू दिली की पायाच्या नसा मरतात आणि तळव्याला काही कळेनासं होतं. लावणीच्या चिखलात, कातळावर, गोठ्यात अनवाणी फिरायला याहून सोयीचं काय? काटा रुतला तरी समजत नाही. संध्याकाळी पाय धुताना पागोळीखालचं पाणी लालसर होतं, ते बायकोला दिसतं. तिला म्हणा, "गप रव, काय्येक जाणवना नाय." आधी हळद भरा. मग शेजाऱ्यानं सांगितलेला पाला. मग चिठ्ठीशिवाय मिळालेलं मलम. तीन आठवड्यांनी करंगळी काळी पडली की रात्री, शक्यतो पावसात, गाडी करून निघा. कणकवलीकरांनी घाट चढून कोल्हापूर गाठावं, सावंतवाडीकरांनी गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ, आणि ज्याचा भाऊ मुंबईत आहे त्यानं महामार्गाचे खड्डे मोजत परळ. जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज झालं म्हणून जुनी सवय मोडू नये.

मूत्रपिंडं गेली तर मात्र बैठी सेवा. आठवड्याला दोन-तीन खेपा, दर खेपेला चार तास मशीनवर. गरिबांना डायलिसिस फुकट आहे, २०१६ पासून केंद्राचा कार्यक्रमच आहे तसा. रिक्षा फुकट नाही. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरीही कुणी भरून देत नाही.

सोबतचं माणूस म्हणजे बहुतेक बाई. तिला हिशेबात धरू नका, अर्थशास्त्रही धरत नाही. परक्या नर्सनं ड्रेसिंग केलं तर ते राष्ट्रीय उत्पन्न, बायकोनं केलं तर ते तिचं कर्तव्य. तिचं काजू कारखान्यात जाणं बंद होतं, दोन गुरं विकली जातात, चेडवाचं कॉलेज "पुढच्या वर्षी बघू" वर जातं आणि ते पुढचं वर्ष काही उजाडत नाही. तिचं स्वतःचं प्रेशर कुणी बघितलं का, असा प्रश्न कृपया काढू नका. घरात एका वेळी एकच पेशंट शोभतो.

राहता राहिला पैसा. आधी दागिने, मग पतपेढी, मग हापूसची बाग पाच वर्षांच्या करारानं व्यापाऱ्याला. तेवढ्यानं भागलं नाही तर रस्त्यालगतची जमीन. एजंट तयारच असतो, त्याला तुमच्या साखरेचा रिपोर्ट तुमच्या आधी कळलेला असतो. पण इथं बहुतेकजण फसतात, म्हणून हा सल्ला लक्षपूर्वक ऐका: जमीन आजोबांच्या नावावर आहे आणि सातबारा सामाईक आहे. बावीस नावं. त्यातली सहा वारली, त्यांचे वारस लागायचे आहेत, एक आत्या बडोद्याला आहे आणि एकाशी तुमचं १९९८ पासून बोलणं नाही. पाय कापायचा की नाही हे डॉक्टर दोन दिवसांत ठरवतात, वारसनोंद दोन दिवसांत होत नाही. तेव्हा शहाण्यानं साखर तीनशेच्या पुढं गेली की गोळीच्या नादी न लागता सह्या गोळा करायला घ्याव्यात. गणपतीत सगळे चाकरमानी गावाला असतात, आरती झाली की कागद पुढं करावा. डोंबिवलीचा चुलतभाऊ तिसरा मोदक उचलता उचलता म्हणेल, "सय करतंय मी, पण माझ्या वाट्याचा काय ता आधी सांग." त्याच्यावर रागावू नका. मागच्याच महिन्यात त्यालाही निघाली आहे.