आधी बी चाळा, मग मशीन
लेखात म्हटलंय की ऑटोमॅटिक कटिंग मशीन घेतलं की काजू अख्खाच निघतो, असं काही नसतं हो. आमचं वेंगुर्ल्याकडे छोटं युनिट आहे, पहिल्या सीझनला बी न चाळताच टाकली, मोठ्या बीचा गर पात्यानं कापला जायचा आणि बारीक बी तशीच बंद खाली पडायची, हाती नुसती पाकळी (म्हणजे दोन फाका झालेला गर) नि तुकडा. आता साईझप्रमाणे चाळून, वाफ देऊन रात्रभर पसरून ठेवतो, मगच कटिंग. डब्ल्यू ३२० ही अख्ख्या काजूची प्रत, म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर, पाकळीला तो भाव कुठला! आणि हाताला एरंडेल चोपडा बरं, टरफलातलं तेल कातडी सोलवटतं, माझी बोटं बघा एकदा