सगळीच नाणी डुकाट नव्हती

प्रिन्स-बिशपांच्या, म्हणजे स्वतःचे राज्य असलेल्या बिशपांच्या, नाण्यांवरच्या एका लेखातले ‘प्रिन्स-बिशपांचे सोन्याचे नाणे म्हणजे जवळजवळ शुद्ध सोने’ हे वाक्य खटकले. साल्झबुर्गच्या डुकाटांबद्दल (डुकाट म्हणजे जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे) ते चालेल. ऱ्हाईनकाठच्या माइन्झ, ट्रियर आणि कोलोनच्या आर्चबिशपांचे मुख्य सोन्याचे नाणे मात्र गोल्डगुल्डन, थोडक्यात गुल्डन. ऱ्हाईनकाठच्या सत्ताधीशांच्या 1386 च्या नाणे-करारात त्याचा कस 23 कॅरेट होता. तो घसरत गेला आणि धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या काळात (सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला) साडेअठरावर येऊन ठेपला होता. पवित्र रोमन साम्राज्याच्या 1559 च्या नाणे-आदेशातही तोच धरला आहे: कोलोनच्या एका मार्कात (वजनाचे जुने माप, सुमारे 233.86 ग्रॅम) 72 गुल्डन, म्हणजे नग 3.25 ग्रॅमचा आणि त्यात निव्वळ सोने अडीच ग्रॅम. डुकाट एका मार्कात 67, वजन 3.49 ग्रॅम, निव्वळ सोने 3.44. म्हणूनच आदेशात गुल्डनची किंमत 75 क्रॉयट्सर (छोटे चलन) आणि डुकाटची 104. दोन्ही एकाच पंक्तीत बसवले की हिशेब कोलमडतो.

हातातले नाणे डुकाट की गुल्डन, हे तपासताना नुसत्या वजनावर जाऊ नका, कडा कातरलेला डुकाटही सव्वातीन ग्रॅम भरतो. घनता काढा (नाण्याचे वजन भागिले पाण्यात घटलेले वजन): डुकाटची 19 च्या आसपास, गुल्डनची साधारण 15 ते 16, कारण उरलेला भाग चांदी-तांब्याचा. पण एवढेसे नाणे पाण्यात जेमतेम 0.2 ग्रॅम हलके होते, त्यामुळे 0.01 ग्रॅमच्या काट्यावर घनतेत एखाद्या अंकाची चूक सहज होते, 0.001 चा बरा. नाण्याला चिकटलेला एखादा बुडबुडासुद्धा आकडा खाली ओढतो. आणि हो, वरच्या कडेला डाख लावून कडी बसवल्याची खूण आहे का, तेही भिंगातून बघा. अशा नाण्याचे वजन आणि घनता, दोन्ही फसवतात.