पान ३७, खालचा फोटो

माझं वय ५२. जिना मी अजून दोन-दोन पायऱ्यांनी चढतो (उतरताना एकेक, पण तसे सगळेच उतरतात). हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या रविवारपासून आमच्या मतदारसंघातल्या घराघरांत मी 'मोफत काठी वाटप : समाधानी ज्येष्ठ लाभार्थी' म्हणून पोचलेलो आहे. आमदारसाहेबांच्या कार्यअहवालात. पान ३७. रंगीत.

ती काठी नाही. छत्री आहे, आणि माझ्या पैशांची आहे. गेल्या वर्षी ऐन पावसात मी आमच्या गल्लीच्या रस्त्याचं निवेदन घेऊन साहेबांच्या संपर्क कार्यालयात गेलो होतो. तिथे निवेदन वाचायचं राहिलं तरी चालतं, फोटो राहत नाही. माझ्या उजव्या हातात निवेदन, डाव्या हातात मिटलेली छत्री, नाकावरून पाणी टपकतंय. छापताना कुणीतरी उजवी बाजू कापली. उरलो मी, साहेब आणि छत्रीची वाकडी मूठ. भिजल्याचे भाव वार्धक्याचे म्हणून खपून गेले.

आता गल्लीतल्या रस्त्यासाठी कुणी आमदाराकडे जातं का, असं तुम्ही विचाराल. घटनेप्रमाणे नाहीच जात. पण तेव्हा नगरपरिषदेची मुदत कधीच संपलेली होती आणि निवडणुका काही होत नव्हत्या. कारभार प्रशासकाकडे. नगरसेवक सगळे माजी. माजी नगरसेवकाला गटार दाखवलं की तो आपल्याच खांद्यावर हात ठेवून आपल्यासोबत हळहळतो. मग गटार तुंबलं, आमदार. दिवा गेला, आमदार. विधानसभेच्या २८८ जागा काय गटारांसाठी आहेत? पण माणूस सापडेल त्यालाच सांगतो.

तर रविवारी मंगल कार्यालयात 'कार्यअहवाल प्रकाशन व जनसंवाद' होता. दहाचा कार्यक्रम. पावणेबारापर्यंत 'हॅलो, माईक चेक' ऐकलं, मग शाली आणि नारळ सुरू झाले. सत्काराची यादी संपत आली की मागून एक चिठ्ठी यायची, 'अनवधानाने राहून गेलेलं एक नाव'. अशी अकरा अनवधानं झाली. मी कंटाळून हातातला अहवाल चाळायला घेतला आणि पान ३७ वर मला मी भेटलो.

"तुम्हीच ना हे?" शेजारून आवाज आला.

पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. गृहस्थ लाल पेनाने अहवाल तपासत होते, उत्तरपत्रिका तपासावी तसा. "काठी बरी मिळाली," ते म्हणाले. मी छत्रीची हकिकत सांगितली. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'छत्री. खुलासा प्राप्त.'

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. सारी हयात टेंडरच्या टेबलावर गेलेली. प्रत्येक आमदाराचा प्रत्येक अहवाल त्यांच्याकडे आहे म्हणे, वर्षवार, पंच करून, फायलीत.

"रस्ता कुठला तुमचा?" मी सांगितला. त्यांनी जीभ लावून तीन पानं उलटली. "हा बघा. 'प्रस्तावित.'"

"म्हणजे होणार ना?"

त्यांनी माझ्याकडे, लग्नाळू मुलाच्या बापाकडे बघतात, तसं बघितलं. स्टेजच्या मागे 'शुभविवाह' अशी थर्माकोलची अक्षरं तशीच राहिलेली होती. बहुधा त्यावरूनच त्यांना सुचलं असावं.

"प्रस्तावित म्हणजे कुणीतरी स्थळ सुचवलंय. अजून फोटोसुद्धा गेलेला नाही. अंदाजपत्रक झालं म्हणजे देण्याघेण्याची यादी झाली. तांत्रिक मान्यता म्हणजे पत्रिका जुळली. प्रशासकीय मान्यता म्हणजे सुपारी फुटली. निविदा म्हणजे आचारी आणि मांडववाला ठरवायचा, त्यात पहिला आचारी पळून जातो, तेव्हा फेरनिविदा. आणि कार्यारंभ आदेश निघाला की अक्षता."

"आणि भूमिपूजन?"

"ते बारसं. आपल्याकडं बारसं आधी उरकतात, स्थळ नंतर बघतात."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी आणखी एका ओळीखाली लाल रेघ मारली. "आणि हे 'प्रगतीपथावर' दिसलं ना, की समजायचं वऱ्हाड निघालेलं आहे. कुठल्या गावाला, ते विचारायचं नसतं."

एवढ्यात साहेब बोलायला उभे राहिले. बोलतात चांगले, खोटं कशाला सांगू. पुरवणी मागण्या, जिल्ह्याचं नियोजन, सरकारच्या योजना, सगळं तोंडपाठ. मग म्हणाले, "नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मी आपल्या गावच्या रस्त्यांचा प्रश्न मांडला!" टाळ्या. १९५३ च्या नागपूर कराराची कृपा, वर्षातलं एक अधिवेशन तिकडे भरतं. आमच्या गल्लीतला खड्डा थंडीत नागपूरला जाऊन आला. मी स्वतः अजून नागपूर बघितलेलं नाही.

तो प्रश्न उत्तरासकट पान २१ वर छापलेलाच आहे. रस्त्याची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरं अशी: हे अंशतः खरे आहे. प्रकरण तपासण्यात येत आहे. प्रश्न उद्भवत नाही.

आमची गल्ली त्या अंशात येते. समोरच्या वहिनी जूनमध्ये त्याच अंशात स्कूटरवरून पडल्या आणि सहा आठवडे हात गळ्यात बांधून फिरल्या. दुधाच्या गाडीवाला वळणावरच थांबून हॉर्न वाजवतो, पुढे येत नाही. आणि प्रश्न म्हणे उद्भवत नाही! ज्याने ते वाक्य पहिल्यांदा लिहिलं त्याला एकदा रात्री दिवे गेल्यावर आमच्या कोपऱ्यावर आणून सोडायला हवं. तिथे त्याचे दोन्ही पाय उद्भवतील.

असो. मी चिडलो की शेजारचे गृहस्थ खूश होत होते असं दिसलं. त्यांनी अहवालाच्या मलपृष्ठावर गणित मांडलं. "स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. त्यातही हे नुसती शिफारस करतात, मंजुरी कलेक्टरची. राज्यात मतदार ९ कोटी ७० लाख, भागिले २८८. म्हणजे एका आमदारामागं तीन लाखांच्या वर मतदार. माणशी किती आले?"

मी बँकेत आहे, तरी तेच आधी म्हणाले. "दीडशेच्या आत. काठी केवढ्याला येते?"

"मला काय माहीत? मी घेतलेली नाही!"

"धरा दीडशे. तुमचा ह्या वर्षाचा हिशेब चुकता." आणि त्यांनी पान ३७ वर टिक केली.

शेवटी जनसंवाद. तीन प्रश्न. तिन्ही विचारणाऱ्यांच्या गळ्यात साहेबांचा फोटो असलेला मफलर. चौथा हात माझा. माईक आलाच नाही, म्हणून ओरडून सांगितलं, रस्त्याचं निवेदन दिलेलं आहे, पुढे काय? साहेब प्रेमाने हसले. "काका, लेखी द्या. लगेच बघतो." साहेब माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, जन्मतारीख पान २ वर आहे.

लेखीच दिलं होतं हो. तेच तर कापलंत.

खाली उतरल्यावर मी एका पोराला गाठलं. अहवालाचं काम त्याच्याकडे असतं. मी म्हटलं, मुख्यमंत्री वयोश्री योजनेलासुद्धा वय ६५ लागतं, मी ५२ चा आहे. तो मनापासून म्हणाला, "वाटत नाही काका." चूक पुढच्या अहवालात दुरुस्त करणार आहे. पुढचा अहवाल कधी, तर निवडणुकीच्या आधी.

घरी आलो तर बायकोकडे अहवाल आधीच पोचलेला. दिवसभर काही बोलली नाही. रात्री मात्र उठताना माझ्या गुडघ्याचा कट्ट आवाज झाला, तेव्हा म्हणाली, "आणा की ती, वापरा."

हे इथवर ठीक होतं. काल संध्याकाळी दाराशी एक म्हातारबाबा आले. पलीकडच्या वस्तीतले. पायजमा घोट्यापर्यंत आमच्या रस्त्याच्या चिखलाने माखलेला, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात अहवाल, ३७ वं पान दुमडलेलं.

"हे तुमीच का?"

हो म्हटलं.

"यादीत माजं नाव हाय. अंगठा घेतला. काठी काय दिली न्हाई. हापिसात इचारलं तर म्हनले, वाटून झाल्या." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "मंग म्हनलं हिकडं आली आसंल."

मी छत्रीची सगळी हकिकत पुन्हा सांगितली. उजवा हात, निवेदन, कापाकापी. त्यांना त्यात फारसा रस दिसला नाही. ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते, खुंटीकडे.

"तीच न्हवं का?"

मी छत्री काढून त्यांच्या हातात दिली, नुसती बघायला. त्यांनी ती उघडली नाही. मूठ धरली, टोक फरशीवर टेकवलं, अंगाचा भार टाकून पाहिला आणि ओसरीवर इकडून तिकडे चार पावलं चालून आले.

"चालंल," म्हणाले, आणि पायऱ्या उतरायला लागले.