खाऱ्या वाऱ्याच्या नावाने बिल फाडू नका, कंडेन्सर उकडून मरतो

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमच्या भजनी मंडळाचाच. थोडक्यात सांगतो: गोव्याच्या खाऱ्या दमट हवेने अँप्लिफायरमधले कंडेन्सर (कपॅसिटर) सडतात, म्हणून दर पाच वर्षांनी सगळे बदला, वरून फुगलेला नसेल तर तो चांगला, वापर नसेल तेव्हा प्लॅस्टिकात बांधून माळ्यावर टाका, आणि बदलताना मोठा घाला म्हणजे बास वाढतो.

आधी हवेचं बघू. खाऱ्या हवेनेच मरत असते तर समुद्रकाठच्या कळंगुटचे सगळे अँप बंद आणि समुद्रापासून लांब वाळपईचे अमर झाले असते ना? इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मध्ये द्रावणात भिजवलेला कागद, सगळी गुंडाळी डब्यात आणि खाली रबराचं बूच. आतलं द्रावण त्या बुचातून वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर उडतं आणि कंडेन्सर सुकतो, किती लवकर ते आतली उष्णता ठरवते. ढोबळ हिशेब असा की १० डिग्री कमी झाले की आयुष्य दुप्पट. म्हणजे ८५ डिग्रीला २००० तास असा माल ६५ ला साधारण ८००० तास आणि ४५ ला ३२,००० तास जातो. आता तुमचा अँप कुठे आहे बघा, शोकेसच्या बंद कप्प्यात, वर सेटटॉप बॉक्स, आणि आत तोच कंडेन्सर हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) चिकटून. समुद्राचा काय दोष? खारा वारा खातो ते रिलेचे कॉन्टॅक्ट, व्हॉल्यूमचा पॉट आणि स्पीकरचे टर्मिनल, तेव्हा आवाज करकरत असेल तर आधी ते साफ करा.

पण मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही ते कारण आमच्याकडे जास्त दिसतं, विशेषतः लोकल असेंबल केलेल्या अँपमध्ये. ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५ व्होल्टचा, आणि फिल्टरला (एसीचा डीसी झाल्यावर तो सपाट करायला) ५० व्होल्टपर्यंतच सहन करणारे कंडेन्सर. कंडेन्सर एसीच्या शिखराइतका चढतो, ३५ गुणिले १.४१४ म्हणजे साडेएकोणपन्नास व्होल्ट, ब्रिजमध्ये (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडमध्ये) थोडं जातं, ठीक आहे म्हणाल. पण ते घरची लाइन २३० व्होल्टला असताना. रात्री गावातला विजेचा वापर उतरला आणि लाइन २५० ला गेली की तेच ५२-५३ होतं, वर अँप नुसता चालू असेल, भजन अजून सुरू व्हायचंय, तर ट्रान्सफॉर्मरवर लोड नाही म्हणून आणखी थोडं चढतं. मंडळाच्या अँपला हेच झालेलं, दोन वर्षांत दोनदा फिल्टर गेले आणि दोन्ही वेळा बनवणाऱ्याने परत ५० चेच घातले आणि वर हवेला शिव्या घातल्या. शेवटी मीच ६३ व्होल्ट १०५ डिग्रीचे घातले, त्यानंतर तीन चवथी झाल्या, अजून फिल्टरला हात लावावा लागला नाही.

दर पाच वर्षांनी सगळे बदला हे तर दुकानदाराच्या फायद्याचं वाक्य. जुन्या बोर्डावर चांगलं सोल्डर काढताना ट्रॅक उचलतो, आणि वीस कंडेन्सर घालताना एक उलटा बसला तर चालू करताच फटाका. मोजा, गेलेला बदला, उष्णतेजवळचे दोन-चार सोबत बदला, बास.

आता फुगण्याचं. डोक्यावर जी फुलीसारखी खाच असते ती आत गॅस झाला की उघडण्यासाठीच असते, त्यामुळे फुगलेला हा खराबच, यात वाद नाही. पण उलटं खरं नाही. सुकून गेलेला कंडेन्सर दिसायला अगदी गुळगुळीत असू शकतो, आणि कितीतरी छोट्यांना ती खाचच नसते. साध्या मल्टिमीटरवर व्हॅल्यूही बरी दाखवेल आणि ईएसआर, म्हणजे आतला रोध, मात्र चढलेला असेल, मग तो स्वतःच तापतो, आणखी सुकतो. ज्याच्याकडे ईएसआर मीटर आहे त्याच्याकडे न्या. आणि जुन्या जपानी अँपमध्ये बुडाशी तपकिरी काहीतरी दिसलं की लगेच लीक म्हणू नका, बऱ्याचदा तो कंपनीनेच लावलेला गोंद असतो (तो मात्र खरवडून काढा, जुना झाला की शेजारच्या पार्टचे पाय खातो).

माळ्यावर ठेवून टिकतो? कौलांखालचा माळा एप्रिल-मेमध्ये किती तापतो ते वेगळं सांगायला नको, आणि करंट मिळाला नाही की पट्टीवरचा ऑक्साइडचा थरही हळूहळू कमजोर होतो. काकांचा आठ-दहा वर्षं बंद असलेला अँप मी सिरीजमध्ये ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावून चालू केला, बल्ब आधी पेटला मग मंद होत गेला, तेव्हा कुठे डायरेक्ट लाइनवर घेतला. बल्ब मंद झालाच नसता तर आत शॉर्ट आहे समजून तिथेच थांबलो असतो. दर महिन्याला तासभर भजन लावा, तेवढं पुरतं.

राहिला बास. ज्या अँपमध्ये आवाज कंडेन्सरमधून स्पीकरला जातो, तिथे २२०० मायक्रोफॅरडचा माल ४ ओहमच्या स्पीकरवर १८ हर्ट्झपर्यंतचा खोल आवाज जाऊ देतो, तोच सुकून २२० वर आला की १८० हर्ट्झच्या खाली पखवाज गायब. मूळ व्हॅल्यूचा नवा घातला की पखवाज परत येतो, त्यालाच लोक बास वाढला म्हणतात. पण फिल्टरला ४७०० च्या जागी २२,००० ठोकले तर चालू करतानाच्या धक्क्याने ब्रिज किंवा फ्यूज जाऊ शकतो, आणि बास होता तेवढाच.