पुस्तक वाचायला नेता की मोडायला?

पुस्तक मागून नेणाऱ्यांनी ते निदान नीट हाताळावं, एवढीच अपेक्षा असते आणि तीही दरवेळी फोल ठरते. खुणेसाठी कागदाचा कपटा घ्यायचाही कंटाळा, सरळ पान दुमडायचं! एका हातात मावावं म्हणून पुस्तक उलटं मुडपून पाठीला पाठ लावायची. अहो, हल्लीची बहुतेक पेपरबॅक पुस्तकं शिवलेली नसतात. पानांच्या कडा खरवडून नुसती गोंदानं कव्हरला चिकटवलेली असतात. गोंद एकदा तडकला की मधलीच पानं सुटी होऊन हातात येतात. मग वरून चिकटपट्टी मारून आणून देतात, म्हणे दुरुस्त केलं! ती पट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो.

त्यात बॉलपेननं ओळीच्या ओळी अधोरेखित. पेन्सिल तरी वापरा! दुसऱ्याच्या रेघांवर डोळे अडखळत राहतात, आवडती ओळ आपली आपल्याला सापडण्याचा आनंदच जातो. आणि बोललं की उत्तर ठरलेलं, "एवढं काय त्यात, नवीन घे." ते पुस्तक आता छापलंच जात नाही. कुठून आणू नवीन?