थेरपीचं खरं काम आठवडाभर चालतं

'थेरपिस्टशी बोललं की हलकं वाटतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच.' ही तक्रार फार ऐकू येते. माझं स्पष्ट मत: ताण उतरायचा असेल, तर खरं काम त्या ५० मिनिटांत नाही, मधल्या सहा दिवसांत होतं.

कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत, घ्या. १९६०च्या दशकात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी ती मांडली. तिच्यात घरी एक तक्ता भरायचा असतो: प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार, भावना आणि तिची तीव्रता (० ते १००), विचाराच्या बाजूचे पुरावे, विरुद्धचे पुरावे, मग तोलून पाहिलेला विचार आणि पुन्हा तीव्रता.

दिसायला सोपं, पण गडबड विचाराच्या रकान्यात होते. लोक तिथे 'भीती वाटली' असं लिहितात. ती भावना झाली. विचार असा असतो: 'साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही, म्हणजे माझं काम त्यांना पटलेलं नाही.' असं नेमकं वाक्य हाती आलं, तरच पुरावे तपासता येतात. काहीजण रात्री आठवून सगळं एकदम लिहितात. तोवर मूळ विचार पुसट झालेला असतो. तासाभरात दोन ओळी खरडलेल्या बऱ्या. आणि शेवटी 'सगळं छान होईल' लिहून काही हलत नाही, कारण ते आपल्यालाच पटत नाही. तीव्रता ८० वरून ५० वर आली तरी तक्त्याने काम केलं.

काळजी दिवसभर पोखरत असेल, तर तिला रोज ठरलेली २० मिनिटं द्यायची, झोपायच्या तोंडावर मात्र नको. एरवी आलेली काळजी कागदावर टिपून त्या वेळेपर्यंत ढकलायची. मग दोनच ढीग: काही करता येण्यासारखं आणि न येण्यासारखं. पहिल्यातल्या प्रत्येकासाठी एक छोटं पाऊल.

टाळाटाळीचं गणित वेगळं. नको असलेला फोन टाळला की लगेच सुटल्यासारखं वाटतं, म्हणून मन टाळायलाच शिकतं. दीर्घ श्वसनसुद्धा (हो, तेही!) भीतीपासून सुटण्यासाठीच केलं, तर कधीकधी अशी पळवाट बनतं.

अर्थात, कामाचा बोजाच अफाट असेल तर तक्ते भरून तो उतरत नाही. तिथे नकार कसा द्यायचा, काम कसं वाटून घ्यायचं, याचा सराव थेरपीत करावा लागतो. जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र पुढच्या सेशनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. औषधं आणि थेरपी एकत्र चालतात.

पहिल्याच भेटीत विचारा: 'या आठवड्यात मी घरी काय करू? आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवायचं?' पाच-सहा सेशन झाल्यावर हाच प्रश्न पुन्हा काढा. उत्तर गुळमुळीत आलं, तर थेरपिस्ट बदलायला संकोच नको.